हितचिंतकांसाठी ऑनलाइन दुकान: खान्देशातील छोट्या संस्थेने ते कसे उभे करावे

आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या वाचनालयाचे सभासद आणि त्याचे हितचिंतक ही दोन निरनिराळी माणसे आहेत, हे कार्यकारिणीच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. सभासद गावात राहतात, महिन्याची वर्गणी भरतात आणि पुस्तक बदलून नेतात. हितचिंतक मात्र शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने पुणे, ठाणे, नाशिक, सुरत येथे स्थायिक झालेले असतात. पंधरा-वीस वर्षांत त्यांनी वाचनालयाची पायरी चढलेली नसते, पण दिवाळीला गावी आले की ‘वाचनालय चालू आहे ना?’ अशी चौकशी आवर्जून करतात. अशा माणसाकडे देणगीचे पावतीपुस्तक घेऊन गेले तर तो एकदा देतो, दुसऱ्या वर्षी जरा अवघडतो आणि तिसऱ्या वर्षी फोन उचलत नाही. तोच माणूस गावातल्या बायांनी केलेले बिबडे (ज्वारीचे पापडासारखे वाळवण), अहिराणी ओव्यांची पुस्तिका किंवा वाचनालयाचे नाव छापलेली पिशवी दरवर्षी मागवतो आणि शेजाऱ्यालाही मागवायला लावतो.

या अनुभवावरून आम्ही ऑनलाइन दुकान सुरू केले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील वाचनालये, नाट्यमंडळे, व्यायामशाळा, अहिराणीसाठी काम करणारे गट यांपैकी कोणालाही असे दुकान काढता येईल. त्याची कृती येथे क्रमाने सांगितली आहे, आणि जेथे आम्ही ठेचकाळलो तेथे थोडे अधिक थांबलो आहे.

बारमाही दुकान की फेरीचे दुकान

पहिला निर्णय वस्तूंचा किंवा संकेतस्थळाचा नसून वेळेचा आहे. ऑनलाइन दुकान म्हटले की ते चोवीस तास, बारा महिने उघडे असलेच पाहिजे, अशी समजूत असते. व्यापाऱ्याला ते परवडते, कारण त्याचा नोकर पगारी असतो. संस्थेत मात्र ऑर्डर बघणारा माणूस दिवसा शाळेत शिकवतो किंवा शेतात असतो, आणि दर तिसऱ्या दिवशी येणाऱ्या एकुलत्या एका ऑर्डरसाठी टपाल कार्यालयात खेटे घालण्याचा उत्साह दोन महिन्यांच्या पुढे टिकत नाही.

त्यापेक्षा आपल्याकडचा आठवडे बाजार डोळ्यांसमोर ठेवावा. बाजार ठरलेल्या वारी भरतो, संध्याकाळी उठतो, आणि तो उठणार हे ठाऊक असल्यामुळेच लोक वेळेवर येतात. आम्ही वर्षाला तीनच फेऱ्या करतो. एप्रिल-मेमध्ये वाळवणाची फेरी, म्हणजे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास मागणी नोंदवून घ्यायची आणि बिबडे वाळले की पाठवायचे. पावसाळ्यात, कानबाईच्या श्रावणातल्या उत्सवाच्या आगेमागे, पुस्तिकांची फेरी. आणि दिवाळीच्या महिनाभर आधी दिनदर्शिका व पिशव्यांची फेरी. प्रत्येक फेरीत दुकान दहा दिवस उघडे राहते, त्यानंतर मागणी बंद होते, मग जेवढी मागणी आली तेवढाच माल करून घेतला जातो. पैसे आधी हातात येतात, माल पडून राहत नाही आणि कार्यकर्त्यांना पुढच्या फेरीपर्यंत श्वास घेता येतो. पुढील सर्व पायऱ्या हे फेरीचे दुकान गृहीत धरून लिहिल्या आहेत.

काय विकावे, आणि किमतीचे गणित

पहिल्या फेरीत तीनपेक्षा अधिक वस्तू ठेवू नयेत. वस्तू निवडताना एकच कसोटी लावावी: ही वस्तू हितचिंतकाला त्याच्या शहरातील दुकानात मिळते का? साधा उडदाचा पापड पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो; ज्वारी भिजवून, आंबवून, लसूण-मिरची-तीळ घालून थापलेला बिबडा मिळत नाही, आणि मिळाला तरी तो कोणत्या गावच्या बाजेवर वाळला हे कळत नाही. केळीचे वेफर्स टाळावेत असे माझे मत आहे. कारण पुढे येईल.

टी-शर्ट हा सर्वांच्या मनात येणारा पहिला पदार्थ आणि माझ्या मते शेवटी घ्यावा असा. त्यात मापांचा गोंधळ होतो, बदलून मागण्याचे प्रमाण मोठे असते आणि मधल्या मापाचे शर्ट संपून टोकाच्या मापांचे गठ्ठे कपाटात राहतात. काढायचाच असेल तर मागणीनुसार एकेक नग छापून परस्पर पाठवणाऱ्या सेवेकडून काढावा. नगामागे नफा कमी राहतो, पण गठ्ठा उरत नाही. छातीचे माप इंचांत द्यावे, कारण ‘एल’ आणि ‘एक्सएल’ हे प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असतात.

छापायच्या मजकुराबाबत दोन गोष्टी. हयात असलेल्या, किंवा निधनाला साठ वर्षे न झालेल्या कवीची ओळ छापायची असेल तर त्याची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्यावी लागते. तोंडी परंपरेतील ओव्या आणि म्हणी वापरायला अशी अडचण येत नाही. दुसरे असे की अहिराणी सगळीकडे एकसारखी लिहिली किंवा बोलली जात नाही. साक्रीच्या माणसाला चाळीसगावकडचा शब्द परका वाटतो आणि रावेर-यावल भागात तर लेवा गणबोली आहे. आमच्या पिशवीवरच्या एका शब्दाच्या एका मात्रेवरून कार्यकारिणीच्या दोन सभा झाल्या. छपाईला देण्यापूर्वी वेगवेगळ्या तालुक्यांतील तिघांकडून वाचून घ्यावे, म्हणजे निदान सभा एकच होते.

आता किंमत. समजा कापडी पिशवीला कापड, शिलाई आणि छपाई मिळून ११० रुपये पडले आणि ती २५० रुपयांना ठेवली. पाकीट व चिकटपट्टीचे १० रुपये धरावेत. टपालखर्च ६० रुपये असून तो ग्राहकाकडूनच घेतला, तर त्याने एकूण ३१० रुपये भरले. पेमेंट गेटवेने, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून आपल्या खात्यात जमा करणाऱ्या सेवेने, त्यावर दोन टक्के आणि त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी घेतला, तर साधारण ७ रुपये जातात. वाचनालयाकडे १२३ रुपये उरतात. हाच टपालखर्च ‘मोफत’ म्हणून आपण सोसला तर उरतात ६० रुपयांच्या आसपास. म्हणजे ‘घरपोच मोफत’ या दोन शब्दांची किंमत निम्मा नफा. हितचिंतक टपालखर्चावर रुसत नाही. तो आधी न सांगता शेवटच्या पानावर वाढवला, तर मात्र रुसतो. म्हणून वस्तूच्या किमतीशेजारीच टपालखर्च लिहावा. शंभर नगांमागे चार-पाच नग खराब होणे, हरवणे किंवा छपाईच्या नमुन्यात जाणे हे धरूनच चालावे.

विक्री आणि देणगी यांच्या दोन वेगळ्या दावणी

संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल, तर घटनेतील उद्दिष्टांत किंवा अधिकारांत अशा विक्रीला जागा आहे का, हे प्रथम पाहावे आणि कार्यकारिणीचा ठराव लिहून घ्यावा. हा ठराव पुढे बँक आणि पेमेंट गेटवे दोघेही मागतात. खाते संस्थेच्याच नावावर असावे. ‘तोवर खजिनदारांच्या नंबरवर पाठवा’ ही सोय दोन दिवसांची म्हणून सुरू होते आणि लेखापरीक्षणाच्या वेळी खजिनदारांच्या मुलीच्या लग्नाचा आहेर आणि पिशव्यांचे पैसे एकाच पासबुकात शोधावे लागतात.

विक्रीचे हिशेब वेगळ्या खातेवहीत ठेवणे ही निव्वळ टापटीप नाही. सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्टांसाठी असलेल्या धर्मादाय संस्थेला व्यापारी स्वरूपाच्या कामातून मिळणारी रक्कम वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, नाहीतर आयकरातील सवलत धोक्यात येते, आणि अशा कामाचे हिशेब स्वतंत्र असावे लागतात. शासनमान्य ग्रंथालयांना अनुदानाचाही हिशेब द्यावा लागतो. अनुदानाचा एक रुपयाही मालखरेदीत फिरवू नये.

पिशवी विकत घेणाऱ्याला त्या रकमेची ऐंशी-जी, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती देता येत नाही, कारण त्याने वस्तू घेतली आहे, दान केलेले नाही. दुकानाच्या शेवटच्या पानावर ‘वाचनालयाला वर काही द्यायचे आहे का?’ असा ऐच्छिक रकाना ठेवता येतो, पण तो आधीच टिकमार्क केलेला नसावा, ती रक्कम वेगळी नोंदली जावी आणि तिची पावती वेगळी फाटावी. परदेशातील हितचिंतकाबाबत विशेष जपावे: ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्याच्याकडून देणगी घ्यायला विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते, मग तो अमळनेरात जन्मलेला का असेना. ती नोंदणी नसेल तर दुकानातील देणगीचा रकाना भारतीय नागरिकांपुरता ठेवावा.

जीएसटी: सुरतेचे पार्सल आणि बऱ्हाणपूरचे पार्सल

महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, हे बहुतेकांना माहीत असते. त्यापुढचे वाक्य मात्र फार थोड्यांना माहीत असते: करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकली, तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. खान्देशासाठी हे वाक्य महत्त्वाचे आहे. आपली निम्मी माणसे सुरतेच्या उधना आणि लिंबायत भागांत राहतात, नंदुरबारहून सुरत मुंबईपेक्षा जवळ पडते, आणि रावेरहून बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर. पण एक गुजरातेत आहे आणि दुसरे मध्य प्रदेशात.

यावर आम्ही काढलेला मार्ग असा. छापील पुस्तकांवर आणि पापडांवर जीएसटी नाही, त्यामुळे त्यांची परराज्यातील विक्री ही ‘करपात्र’ विक्री ठरत नाही. पिशवी आणि कपडे करपात्र आहेत. म्हणून बिबड्यांची आणि पुस्तिकांची फेरी सर्व भारतासाठी उघडी असते, तर पिशव्यांची फेरी केवळ महाराष्ट्रातील पत्त्यांसाठी. सुरतकर कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर खरी आहे. मागणी वाढली की नोंदणी करून घेणे हाच त्यावरचा इलाज आहे. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणे मात्र गुन्हा आहे, तेव्हा बिल साधे द्यावे. आपल्या वस्तू कोणत्या शीर्षाखाली येतात हे कर सल्लागाराकडून एकदा लेखी घ्यावे; दर बदलत असतात.

खाद्यपदार्थ विकायचे असतील तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि ती बनवणाऱ्या बचत गटालाही लागते, विकणाऱ्या संस्थेलाही. लहान उलाढालीसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. ती फॉस्कॉस या संकेतस्थळावर होते. ऑनलाइन विक्रीचा प्रकार अर्जात नेमका कसा दाखवायचा, हे जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारूनच अर्ज भरावा. नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा. त्याबरोबर हिरव्या चौकोनातील हिरवा ठिपका, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना व वर्ष, केव्हापर्यंत वापरावे, सर्व करांसह कमाल किंमत, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हे सर्व पाकिटावर यावे लागते. यातील बहुतेक माहिती वजनमापे कायद्याच्या २०११ च्या नियमांनुसार दुकानाच्या पानावरही दिसली पाहिजे.

जळगावची केळी आणि जळगावचे भरिताचे वांगे यांना भौगोलिक मानांकन आहे. पण तेवढ्यावरून वेफर्सच्या किंवा भरीत मसाल्याच्या पाकिटावर कोणालाही मानांकनाचे चिन्ह लावता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते.

दुकान कोठे मांडावे

पन्नास ऑर्डरींपर्यंत वेगळे संकेतस्थळ नको. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग तयार करावा, मागणी गुगल फॉर्मवर घ्यावी आणि पैसे संस्थेच्या खात्याच्या यूपीआय क्यूआरवर. हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि तो कोठे मोडतो हे आम्ही पहिल्याच फेरीत पाहिले. फॉर्ममध्ये एकोणसाठ नावे, बँकेत एकोणसाठ जमा, पण त्यांची जोडी लागेना. पाटील नावाचे सतरा जण होते, महाजन आणि चौधरी वेगळेच. त्यात सासऱ्यांच्या ऑर्डरचे पैसे जावयाने भरलेले, आणि ‘रिमार्क’च्या जागी कोणी गणपतीचे चित्र टाकलेले. तीन रात्री त्या जोड्या जुळवण्यात गेल्या. हाच मार्ग घ्यायचा असेल तर प्रत्येक मागणीला क्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक व भरणाऱ्याच्या व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक फॉर्ममध्ये सक्तीचे करावेत.

पन्नाससाठच्या पुढे गेले की खरे दुकान मांडावे. महिन्याच्या भाड्याने मिळणारी तयार दुकाने असतात, शॉपिफायसारखी. ती लवकर उभी राहतात, पण फेरीच्या दुकानाला वर्षातील अकरा महिने रिकाम्या गाळ्याचे भाडे भरावे लागते. त्यामुळे आम्ही वर्डप्रेस ही संकेतस्थळ बनवण्याची प्रणाली आणि तिला दुकान जोडणारे वूकॉमर्स हे विनामूल्य प्लगइन घेतले. नाव व जागा, म्हणजे डोमेन आणि होस्टिंग, वर्षाच्या दराने घ्यावे लागते. ते संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या ईमेलवर घ्यावे. एका उत्साही विद्यार्थ्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलेले डोमेन, तो नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यावर आम्हाला वर्षभर सोडवता आले नव्हते.

मांडणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम वर्डप्रेसची भाषा मराठी करावी आणि पत्त्यावरची कुलूपखूण, म्हणजे एसएसएल, चालू आहे हे पाहावे. मग वूकॉमर्समध्ये चलन रुपया, विक्रीचा देश भारत एवढाच. पत्त्याच्या रकान्यांतून ‘कंपनीचे नाव’ काढून टाकावे आणि मोबाइल क्रमांक व पिनकोड सक्तीचे करावेत. नोंदणी न करता खरेदी करण्याची मुभा द्यावी. साठीतल्या काकूंना पासवर्ड तयार करायला लावला की ऑर्डर गेलीच म्हणून समजावे. त्यानंतर शिपिंग झोन, म्हणजे माल पाठवण्याचे विभाग: एक महाराष्ट्राचा, दुसरा उरलेल्या भारताचा. पिशव्यांच्या फेरीत दुसऱ्या झोनमधील आणि ‘इतर ठिकाणे’ या झोनमधील सर्व पद्धती बंद ठेवल्या की परराज्यातील पत्त्याला पुढे जाताच येत नाही, आणि वरचा जीएसटीचा प्रश्न दुकानच सांभाळते. ‘माल मिळाल्यावर पैसे’ हा पर्याय बंद ठेवावा. मागणीनुसार बनवलेली वस्तू परत आली तर तिचे करायचे काय?

पेमेंट गेटवेसाठी संस्थेचा पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, ठराव, सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रे आणि बँक खाते लागते. अर्ज करण्यापूर्वी दुकानावर संपर्क, अटी, परतावा, माल पाठवण्याचा कालावधी आणि माहितीची गोपनीयता ही पाच पाने तयार असावीत, कारण गेटवेवाले ती उघडून पाहतात. ती मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत ठेवावीत. मंजुरीला आठवडाही लागतो आणि महिनाही, तेव्हा हे काम फेरीच्या दोन महिने आधी हाती घ्यावे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव-संपर्क दुकानावर असावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात करावे लागते. आमच्याकडे ग्रंथपालच तक्रार निवारण अधिकारी आहेत, आणि हे पद मिळाल्यापासून ते जरा ताठ चालतात.

दुकान उघडण्यापूर्वी कार्यकारिणीतील सर्वांत कमी मोबाइल वापरणाऱ्या सदस्याला बसवून एक खरी ऑर्डर करायला लावावी आणि त्यांना काहीही सांगू नये. ते जेथे थांबतील तेथे आपली चूक आहे.

फोटो आणि वर्णन

बिबड्यांचा फोटो सकाळी आठ-साडेआठला काढावा. त्याआधी उजेड पिवळसर असतो आणि एप्रिलमध्ये दहानंतर आपल्याकडचे ऊन इतके पांढरे होते की बिबड्यावरचे तीळ दिसेनासे होतात. बाजेवरच्या धोतराच्या फडक्यावर ओळीने घातलेले बिबडे, त्यावर थापणाऱ्या बाईच्या बोटांचे ठसे, हा फोटो दुकानाचे निम्मे काम करतो. मात्र ज्या बाईचा हात किंवा चेहरा दिसतो तिला विचारूनच तो लावावा. दुसऱ्या फोटोत तळलेला बिबडा नेहमीच्या ताटलीत ठेवावा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. वर्णनात ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ अशी विशेषणे भरण्यापेक्षा एका पाकिटात किती नग आहेत, तिखट किती आहे आणि भाजूनही चालतो का, हे लिहावे. फोनवर लोक हेच विचारतात.

बांधणी आणि टपाल

या पायरीवर आमचे सर्वांत मोठे नुकसान झाले. पहिल्या वाळवणाच्या फेरीत आम्ही बिबड्यांची पाकिटे फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मऊ पिशवीत घातली, आणि छत्तीस पार्सलांपैकी एकवीस पार्सलांत चुरा पोहोचला. फुगेवाले प्लास्टिक वरचा धक्का झेलते, पण गोणीत खाली दबलेल्या पार्सलवर जो भार येतो तो झेलत नाही. बिबडा सपाट आणि कडक असतो, त्याला मऊपणा नको, पाठ हवी. आता आम्ही पुठ्ठ्याचे दोन गोल कापतो, बिबड्यापेक्षा बोटभर मोठे. त्यांच्यामध्ये दहा-दहा बिबड्यांची चवड ठेवून सुतळीने अधिकाच्या चिन्हासारखी बांधतो, त्या चवडी प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद करतो आणि खोक्यात आडव्या न ठेवता उभ्या रचतो, जशा फडताळात ताटल्या. उरलेली जागा चुरगळलेल्या वर्तमानपत्राने इतकी भरावी की खोके कानाशी हलवले तर आवाज येऊ नये. या पद्धतीने पाठवलेल्यांत एका पार्सलमागे एखाददुसरा बिबडाच मोडतो.

बिबडे कडकडीत वाळल्यावरही लगेच सीलबंद करू नयेत. रात्रभर सावलीत निवू द्यावेत, नाहीतर पाकिटात दव धरते आणि आठ दिवसांत बुरशी येते. जूनचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी शेवटचे खोके टपालात गेलेले असावे.

कुरिअरवाले दोन वजने पाहतात: काट्यावरचे, आणि आकारमानाचे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागले की आकारमानाचे वजन किलोत येते, आणि दोहोंपैकी जे जास्त त्याचे पैसे लागतात. केळीच्या वेफर्सची दोनशे ग्रॅमची सहा पाकिटे काट्यावर १.२ किलो भरतात. पण त्यांत हवा भरलेली असल्यामुळे खोके लागते ४० बाय ३० बाय २० चे, म्हणजे ४.८ किलोचे भाडे. वेफर्स टाळा असे आधी म्हटले ते यासाठी. पुस्तिका सर्वांत स्वस्तात जातात: टपाल खात्याने मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू केली आहे, तिच्यात पार्सलचा माग काढता येतो आणि ती जमिनीवरून जात असल्यामुळे वेळ थोडा अधिक लागतो. तुमची पुस्तिका तिच्या नियमांत बसते का, हे टपाल कार्यालयात नमुना दाखवून आधी विचारावे. जाहिराती असलेली किंवा व्यापारी स्वरूपाची छपाई तीत चालत नाही. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, तेव्हा जुन्या सवयीने दुकानावर ‘रजिस्टर्डने पाठवू’ असे लिहू नये.

पत्त्याच्या चिठ्ठीवर पिनकोड मोठ्या अक्षरांत, नाव-पत्ता शक्यतो इंग्रजीतही, आणि दोन मोबाइल क्रमांक असावेत. सुरतसाठी आम्ही आणखी एक सोय करून पाहिली: सर्व खोकी एकत्र करून एका हितचिंतकाच्या उधन्यातील घरी पाठवायची, आणि बाकीच्यांनी रविवारी तेथून न्यायची. टपालखर्च निम्म्याहून कमी झाला. शिवाय त्या रविवारी त्या घरी चहाला जी माणसे जमली, त्यांतील काही जण एकाच गल्लीत राहूनही एकमेकांना गावचे म्हणून ओळखत नव्हते.

हितचिंतकांपर्यंत पोहोचणे

फोन क्रमांकांची यादी ही संस्थेकडे विश्वासाने दिलेली ठेव आहे. ज्याने दिनदर्शिकेसाठी क्रमांक दिला त्याला न विचारता दोनशे जणांच्या गटात टाकू नये. तेथे त्याचा क्रमांक सर्वांना दिसतो, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमतीला महत्त्व दिले आहे. मागणीच्या फॉर्मवरच ‘पुढील फेरीची सूचना पाठवावी का?’ असे विचारावे आणि हो म्हणणाऱ्यांची व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट यादी करावी; तिच्यात संदेश प्रत्येकाला वेगळा जातो, इतरांचे क्रमांक दिसत नाहीत. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी वाचनालयाचा क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश जातो, म्हणून पहिल्या पार्सलमध्येच तशी विनंतीची चिठ्ठी घालावी.

एका फेरीत चार संदेश पुरतात: उघडण्याच्या आठवडाभर आधी, उघडण्याच्या दिवशी, बंद होण्याच्या आदल्या दिवशी, आणि माल निघाल्यावर. आमच्या निम्म्याहून अधिक ऑर्डरी तिसऱ्या संदेशानंतरच्या रात्री येतात. त्या रात्री मुदत वाढवण्याचा मोह होतो. वाढवू नये, कारण पुढच्या फेरीत कोणीही मुदतीवर विश्वास ठेवत नाही.

तक्रार, परतावा, हिशेब

खाद्यपदार्थ परत घेऊ नयेत. खराब पोहोचला असेल तर फोटो मागवून पुन्हा पाठवावा किंवा पैसे परत करावेत, आणि याचा निर्णय ग्रंथपालांना कोणाला न विचारता घेता यावा एवढा अधिकार ठरावानेच द्यावा. काही दुकाने पार्सल उघडतानाची चित्रफीत मागतात. ज्या माणसाने तीस वर्षांपूर्वी आपल्याच वाचनालयात अभ्यास केला, त्याच्याकडे पुरावा मागणे मला बरे वाटत नाही, आणि आजवर आम्हाला त्यात तोटाही आलेला नाही. त्या चुऱ्याच्या फेरीत आम्ही एकवीसही जणांना पैसे परत देऊ केले; नऊ जणांनीच ते घेतले.

फेरी संपल्यावर महिन्याच्या आत हिशेब काढावा: किती ऑर्डरी, किती जमा, बचत गटाला किती दिले, टपालाला किती, गेटवेला किती, वाया किती, आणि उरलेल्या पैशांतून काय घेतले. तो एका पानावर लिहून वाचनालयाच्या सूचनाफलकावर लावावा आणि त्याचाच फोटो ब्रॉडकास्ट यादीवर पाठवावा. ‘उरलेल्या रकमेतून स्पर्धा परीक्षेच्या कक्षातील दोन पंखे बदलले’ या ओळीबरोबर फिरत्या पंख्यांचा फोटो गेला, त्या आठवड्यात दुकान बंद असतानाही अकरा जणांनी पुढच्या फेरीची तारीख विचारली.

दुकान बंद असतानाच्या काळात मुख्य पान कोरे ठेवू नये. सर्व वस्तू ‘उपलब्ध नाही’ अशा दाखवण्याऐवजी वूकॉमर्सची खरेदीची बटणे काढून तेथे एकच मजकूर ठेवावा: मागील फेरीचा हिशेब, पुढील फेरीची तारीख, आणि सूचना हवी असल्यास क्रमांक देण्याचा रकाना. आमच्या पानावर सध्या दिवाळीच्या फेरीची तारीख आहे, आणि खाली ग्रंथपालांनी स्वतःच्या अधिकारात एक ओळ वाढवली आहे: ‘बिबडे आता मे महिन्यातच. कृपया फोन करू नये, घरीही उरलेले नाहीत.’